सोव्हिएत संघाचे विघटन आणि बाबासाहेबांचा प्रश्न

बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवरील शेतमजुरांची व कामगारांची मुले आमच्यासमोर बसतात. इतिहासाच्या तासाला सोव्हिएत संघाचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो : "सर, जमीन आणि कारखाने सगळ्यांचेच होते, तर लोकांनी ते राज्य मोडू कसे दिले?" प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तकाच्या चार ओळींत त्याचे उत्तर मावत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

३० डिसेंबर १९२२ रोजी स्थापन झालेल्या या संघराज्याने निरक्षरता हटवली, कष्टकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षण दिले आणि १९६१ साली पहिला मानव अंतराळात पाठवला. अण्णा भाऊ साठे यांना त्या देशाची ओढ वाटली, ती उगीच नव्हे. परंतु मालकी सर्वांची असली, तरी निर्णय मूठभरांचा होता. काय पिकवावे, काय बनवावे, हे मॉस्कोतील नियोजन मंडळ ठरवी. सामूहिक शेतावर राबणाऱ्याला त्यात आवाज नव्हता. परसातील खासगी तुकडे लागवडीखालील जमिनीच्या सुमारे तीन टक्के होते. शेती उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा त्यांतून येई. ही एकच गोष्ट पुष्कळ सांगून जाते.

पुढे खनिज तेल विकून परदेशी धान्य आणण्याची वेळ आली. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले. त्याच वर्षी चेर्नोबिलची दुर्घटना घडली. अफगाणिस्तानातील युद्धाचा भार होताच. १९८५ पासून गोर्बाचेव्ह यांनी खुलेपणा व पुनर्रचना आरंभली. पण दडपलेले असंतोष उफाळून आले. ऑगस्ट १९९१ मधील बंड फसले आणि २५ डिसेंबर रोजी त्यांनी राजीनामा दिला. पंधरा प्रजासत्ताके वेगळी झाली.

त्यानंतरची कथा अधिक दुःखद आहे. २ जानेवारी १९९२ रोजी रशियात बहुतेक वस्तूंचे भाव मुक्त झाले आणि आयुष्यभराची बचत महागाईने गिळली. सार्वजनिक कारखान्यांत वाटा मिळावा म्हणून नागरिकांना व्हाउचर वाटण्यात आली. अडचणीतील अनेकांनी ती कवडीमोलाने विकली. तेल व धातूंचे प्रचंड उद्योग थोड्या धनिकांच्या हाती गेले. १९९० ते १९९४ या काळात रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षांवरून ५८ च्या खाली घसरले.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी, असे सुचवले. मात्र हुकूमशाहीविना, संसदीय लोकशाहीत आणि संविधानाच्या संरक्षणाखाली. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडली. बळाच्या जोरावर उभी केलेली व्यवस्था बळ काढून घेतल्यावर कशाच्या आधारे टिकणार, हा त्यांच्या चिंतनातील कळीचा प्रश्न होता. माणसाचे मन बदलल्याखेरीज समता टिकत नाही, हे त्यांचे उत्तर. पस्तीस वर्षांनी मॉस्कोत तोच प्रश्न उभा राहिला.

हा धडा आपल्यापासून दूर नाही. जमीनधारणा कायद्यानुसार साखर कारखान्यांकडून घेतलेल्या जमिनींवर १९६३ साली राज्य शेती महामंडळ उभे राहिले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरचा मळा त्यातलाच. पुढे जमिनी मूळ खंडकऱ्यांना परत देण्याचे ठरले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबलेल्या भूमिहीन कामगारांना मात्र राहत्या जागेसाठीही मागणी करावी लागली. मालकी सरकारची होती, तेव्हा त्यांचा शब्द चालत नव्हता. मालकी बदलली, तेव्हाही कोणी त्यांना विचारले नाही.

१९९१ साली आपल्या देशानेही आर्थिक धोरण बदलले. सार्वजनिक उद्योग खासगी झाला, की तेथील आरक्षणही संपते. त्यामुळे वर्गातील त्या मुलाला आम्ही एवढेच सांगतो : बाळा, जे सर्वांचे आहे असे कोणी म्हणेल, तिथे निर्णय घेताना तुझ्या आईवडिलांना विचारतात का, हे आधी पाहा. विचारत नसतील, तर विचारायला भाग पाडण्याइतके शिका आणि संघटित व्हा.