सुरगाण्यातील मातेचे ताट : शासकीय निधी आणि आहारविधी

आहार हा चिकित्सेचा पाया होय, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु लिहून दिलेले पथ्य रुग्णाच्या चुलीपर्यंत पोहोचेल काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या संदर्भात तो विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गुजरातच्या सीमेलगतच्या या आदिवासी तालुक्यात कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांची वस्ती विखुरलेल्या पाड्यांवर आहे. पावसाळ्यात पाऊस मुबलक. पण पाणी उतारावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टंचाई असते. त्यामुळे भात, नागली, वरई, उडीद ही पिके मुख्यतः खरिपाची. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, करटोली, शेवळ या रानभाज्या मिळतात; त्यानंतर ताजी भाजी दुर्मीळ होते. ज्यांना पाण्याची सोय आहे, ते स्ट्रॉबेरी पिकवितात. ती मात्र बाजारात जाते.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. धान्याने पोट भरते. डाळ, भाजी, फळ यांची उणीव मात्र तशीच राहते. ही उणीव ध्यानी घेऊन महाराष्ट्र शासनाने २०१५ साली आदिवासी क्षेत्रासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तीत गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा ताजा, गरम, चौरस आहार देण्याची तरतूद आहे. २०१६ पासून लहान बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी देण्याचीही सोय झाली.

चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. शासकीय ताटालाही हीच कसोटी लावता येते. शिजवून गरम वाढलेले अन्न करण व उपयोगसंस्था या दृष्टींनी योग्यच. कोरड्या पाकिटापेक्षा ते निश्चित श्रेष्ठ. राशि मात्र प्रतिताट ठरविलेल्या दरावर अवलंबून असते. डाळ-तेल महागले आणि दर तोच राहिला, तर प्रथम डाळ पातळ होते व भाजी कमी होते.

देश आणि काल यांचा विचार अधिक महत्त्वाचा. दूरच्या बाजारातून आणलेली भाजी पाड्यावर येईतो कोमेजते व वाहतुकीनेच महाग होते. उलट १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि ती तर येथेच पिकते. म्हणून निधीचा काही अंश स्थानिक नागली, कडधान्ये व भाज्यांच्या खरेदीस, तसेच अंगणवाडीच्या परसबागेस व तिच्या पाण्याच्या सोयीस मिळावा, असे आमचे मत आहे. शेवळ आंबट घालून शिजविल्याखेरीज घशाला खाजते, हे येथील स्त्रिया जाणतात. हाच संस्कारविचार होय. हे ज्ञानही स्वयंपाकात यावे.

शेवटचे आयतन उपयोक्ता, म्हणजे ताटावर बसणारी माता. सुगीनंतर अनेक कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे स्थलांतर करतात. निफाड अनुसूचित क्षेत्राबाहेर आहे. ज्या महिन्यांत गर्भिणीला सकस अन्नाची निकड असते, त्याच महिन्यांत तिचे ताट सुरगाण्यात आणि ती स्वतः परगावी, अशी स्थिती उद्भवते. निधी गावाशी नव्हे, मातेशी जोडला गेला पाहिजे.

यात वैद्यांचेही कर्तव्य आहे. ग्रामसभेत उपस्थित राहून ऋतुनिहाय भाज्यांची यादी द्यावी, आहार समितीला मात्रा समजावून सांगावी आणि स्थलांतरित गर्भिणी आपल्या चिकित्सालयात आल्यास तिची नोंद जवळच्या अंगणवाडीत करून द्यावी. औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी तिने काल काय खाल्ले, एवढे विचारले तरी प्रारंभ होईल.