ओवीच्या डबीला किती ताकद लागते?

मुळशीसह महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी गोळा केल्या. संग्रह एक लाखावर गेला. पुढे बेर्नार बेल यांच्या कामातून शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. आमच्या डोंगराळ वाड्यांवर मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. मग नेटाशिवाय ओव्या ऐकवणारी छोटी डबी करायची, तर आत केवढा प्रोसेसर हवा?

पहिल्यांदा एमपी3च सुचते. मीही तिथेच फसलो. आर्डुइनो उनोवरची 8 बिटी चिप सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके देते. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण सेकंदाला 22,050 ध्वनिनमुने लागतात, म्हणजे एका नमुन्याच्या वाट्याला जेमतेम 725 ठोके. एमपी3 उलगडताना शेवटच्या एका पायरीतच दर नमुन्याला 16 मोठे गुणाकार येतात. 32 बिटांचा प्रत्येक गुणाकार या चिपला 16 तुकड्यांत करावा लागतो, एका तुकड्याला 2 ठोके. झाले 512! बेरजा आणि आधीच्या पायऱ्या अजून बाकीच. शिवाय एमपी3ला कामचलाऊ मेमरी 20-30 किलोबाइट लागते. इथे आहे 2.

एडीपीसीएम ही जुनी, साधी पद्धत. पुढचा नमुना किती असेल याचा अंदाज बांधायचा आणि फक्त चूक 4 बिटांत लिहायची. उलगडायला 89 आकड्यांचा तक्ता आणि थोड्या बेरजा पुरतात. थोडी खरखर येते, हे मान्य. पण शंभर तासांना जागा लागते सुमारे 4 जीबी. 64 किलोबिटच्या एमपी3ला 3. एका जीबीसाठी एवढा आटापिटा कशाला? (मूळ ध्वनिमुद्रण मात्र न दाबताच जपावे. एमपी3 कानाला न जाणवणारे वगळते, आणि जात्याची घरघर त्यात जाऊ शकते.)

खरी अडचण गतीपेक्षा वेळेवर पुरवठ्याची असते. जात्यात वैरण वेळेवर पडली नाही तर दगडावर दगड घासतो, तसा कार्ड वाचायला उशीर झाला की आवाज तुटतो. माझी पहिली डबी अशीच अडखळली. 512 बाइटांचे दोन कप्पे केले, एक वाजत असताना दुसरा भरायचा, तेव्हा ओवी सलग झाली. निम्मी मेमरी त्यातच गेली.

ईएसपी32 घेतली तर 240 मेगाहर्ट्झ आणि 520 किलोबाइट मिळतात, एमपी3 सहज चालते. पण तिला वीज जास्त लागते, आणि डबी चालायची आहे तीन पेन्सिल सेलांवर.