गुणा, मिळवा, बाकी लिहा

रोमचा सम्राट ऑगस्टस गुप्त पत्रे लिहिताना प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्या पुढचे अक्षर लिहीत असे. ‘ए’च्या जागी ‘बी’, ‘बी’च्या जागी ‘सी’. चरित्रकार स्वेटोनियसने ही नोंद करताना एक बारीक गोष्टही टिपली आहे. वर्णमालेच्या शेवटी असलेल्या ‘एक्स’साठी ऑगस्टस दोन ‘ए’ लिही. अक्षरे संपली की पुन्हा पहिल्याकडे वळावे, हे त्याने केले नाही.

हे वळणे म्हणजेच बाकीचे गणित. रात्री दहाला निघालेली गाडी पाच तासांनी पोचली, तर आपण पंधरा वाजले म्हणत नाही, तीन वाजले म्हणतो. पंधराला बाराने भागून उरलेली बाकी तेवढी ठेवतो. ज्युलियस सीझर अक्षरे तीन घरे पुढे सरकवत असे. पण नुसत्या सरकवण्यात किल्ल्या, म्हणजे अक्षरे बदलण्याच्या शक्य रीती, फारच थोड्या. म्हणून बेरजेच्या आधी गुणाकार जोडला गेला, आणि तयार झाला ॲफाइन सायफर, म्हणजे ‘गुणा आणि मिळवा’ची कूटलिपी.

मराठी व्यंजनांवर तो करून पाहू. क ला ०, ख ला १ असे क्रमाने ळ पर्यंत गेले, की ३३ येतात. म्हणजे अक्षरे ३४. किल्ली अशी ठरवू: अंकाला ५ ने गुणा, ८ मिळवा, ३४ ने भागून बाकी घ्या. शब्द ‘कमळ’. क म्हणजे ०, त्याचे होतात ८, म्हणजे झ. म म्हणजे २४. १२० अधिक ८ म्हणजे १२८, बाकी २६, म्हणजे र. ळ म्हणजे ३३. १७३ ची बाकी ३, म्हणजे घ. पाठवायचा शब्द झाला ‘झरघ’.

गुणक मात्र कोणताही चालत नाही. ५ ऐवजी २ घेतला आणि बेरीज सोडून दिली, तर क चे ० आणि द चे १७ या दोघांचीही बाकी शून्यच येते. ‘कर’ आणि ‘दर’ दोन्ही ‘कध’ होतात, आणि वाचणाऱ्याला मूळ शब्द कोणता हे कधीच कळत नाही. गुणक आणि ३४ यांना एकापेक्षा मोठा सामाईक विभाजक नसावा, ही अट इथून येते.

उलट वाटेने येताना ८ वजा करायचे आणि ७ ने गुणायचे, कारण ५ गुणिले ७ म्हणजे ३५, आणि ३४ ने भागून उरतो १. असा उलटा गुणक शोधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास दिलेले ‘कुट्टक’ हेच काम करते, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही त्यावर प्रकरण आहे. त्यांचा रोख खगोलगणिताकडे होता, पण आकडेमोड तीच.

इतके करून किल्ल्या किती? ३४ साठी चालणारे गुणक १६, म्हणजे सगळ्या मिळून ५४४. संगणकाला त्या तपासायला क्षणही लागत नाही. त्याहून मोठे दुखणे वेगळे आहे. क चा झ एकदा ठरला, की पत्रभर झच राहतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने नेमके हेच हेरले: कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा, भाषेच्या सवयीशी ताडून पाहा. मराठीत र, त, ल पावलोपावली भेटतात; त्यांना मुखवटा चढवला तरी त्यांची वर्दळ लपत नाही. वर उदाहरणात क चा झ झाला हे कळले, की बेरजेचा ८ हाती येतो. ळ चा घ झाला हे कळले, की ५ देखील. दोन अक्षरांत खेळ संपतो.

तरीही माणसे अशा सायफरवर विसंबत राहिली. सिसिलीचा माफिया म्होरक्या बर्नार्डो प्रोव्हेन्झानो ४३ वर्षे फरार होता. ११ एप्रिल २००६ रोजी कोर्लिओने गावाजवळ तो पकडला गेला. त्याच्या चिठ्ठ्यांत नावे आकड्यांत लिहिलेली असत: ‘ए’साठी ४, ‘बी’साठी ५. सीझरचेच तीन घरे पुढे!

एकट्याने दुबळी ठरलेली ही ‘गुणा आणि मिळवा’ची पायरी टाकाऊ मात्र नाही. २००१ साली अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या ‘एईएस’ या कूटपद्धतीत याच धर्तीची पायरी इतर अनेक पायऱ्यांमध्ये गुंफलेली आहे, आणि आपल्या वाय-फायपासून बँकेच्या व्यवहारांपर्यंत आज तीच पद्धत सर्रास वापरली जाते.