“मन घट्ट कर” म्हणण्याआधी

जालन्यात सळई म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याचे बिलेट ओततात, रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते आणि ट्रक भरून गावोगावी जाते. त्यामुळे जुन्या जालन्यातल्या एखाद्या घरची मुलगी संभाजीनगरला विद्यापीठात मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. करते म्हटलं, की गल्लीतला पहिला प्रश्न ठरलेला: “म्हणजे पुढं मिलमध्ये लागणार का?” आणि चौथ्या वर्षी ती गप्पगप्प राहू लागली, सुट्टीत घरी येऊन दिवसभर पडून राहू लागली, की सल्लाही ठरलेला: “मन घट्ट कर.” प्रश्नातही गफलत आहे आणि सल्ल्यातही. पहिली निरुपद्रवी आहे, दुसरी महागात पडू शकते.

पहिली आधी उरकू. मटेरियल सायन्स म्हणजे नुसतं लोखंड-पोलाद नव्हे. पदार्थाची आतली रचना आणि त्याचे गुण यांचा संबंध शोधणारं हे शास्त्र. त्यात बॅटरी आली, सेन्सर आला, चुंबक आले, हाडात बसवायचे सांधेही आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि त्याच्या आसपासच्या महाविद्यालयांत फेराइट या चुंबकीय पदार्थांवर बरंच काम होतं. त्यातली एक पद्धत तर बघण्यासारखी असते. धातूंचे नायट्रेट आणि सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून तापवत ठेवायचं. पाणी आटून चिकट जेल होतं, मग ते आपोआप पेट घेतं आणि तळाशी हलकी, फुगीर राख उरते. ती राख खलात कुटायची, भट्टीत काही तास भाजायची आणि एक्सआरडी या क्ष-किरण यंत्रावर तपासायला द्यायची. आलेखावर नको त्या जागी एखादं टोक वर आलेलं दिसलं, की सॅम्पलमध्ये भेसळ. पुन्हा पहिल्यापासून. यंत्राचा नंबर लागायला लागतो तो वेळ वेगळाच.

आता “मन पोलादासारखं घट्ट कर” या सल्ल्याकडे. हा सल्ला देणाऱ्याला पोलादही नीट ठाऊक नसतं, आणि जालन्यात तर ही सबब चालायची नाही. सळईची परीक्षा तिच्या घट्टपणावर संपत नाही. भारतीय मानक १७८६ बांधकामाच्या सळईची ताकद तर बघतंच, शिवाय ती तुटण्याआधी किती ताणली जाते हेही बघतं. ‘फे ५००’ दर्जाची सळई किमान १२ टक्के लांबली पाहिजे, ‘फे ५०० डी’ १६ टक्के. हा ‘डी’ ताणलं जाण्याच्या गुणाचाच, आणि भूकंपाचा धोका असतो तिथं इंजिनिअर तोच मागतात. मानकात आणखी एक परीक्षा आहे: सळई वाकवायची, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवायची आणि मग उलटी वाकवून बघायची, तडा जातो का ते.

टीएमटी सळईचा तुकडा कापा, घासून चकचकीत करा आणि त्यावर सौम्य नायट्रिक अ‍ॅसिड लावा. कडेला गडद कडं उमटतं, आत फिकट गाभा दिसतो. लालबुंद सळई मिलमधून निघताच पाण्याच्या झोतातून जाते, तेव्हा बाहेरचा थर झटक्यात थंड होऊन कडक होतो. गाभ्यातली धग मग बाहेर येताना त्याच थराला जरा मऊ करते. गाभा स्वतः मऊच राहतो. आरपार कडक सळई भूकंपात काचेसारखी मोडली असती.

दुसरा गैरसमज यालाच चिकटून येतो: “असं काय मोठं घडलंय तिला? ना कुणी गेलं, ना काही बुडालं.” रेल्वेचे आस का मोडतात याचा एकोणिसाव्या शतकात जर्मन इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी छडा लावला. त्यांना दिसलं, की एका दणक्यात ज्याचं काही बिघडणार नाही, असा कमी भारही लाखो वेळा येत-जात राहिला तर धातूला तडा जातो. मोठा आघात झाल्याशिवाय माणूस खचत नाही, ही समजूतही तशीच चुकीची. पण पोलादाची उपमा इथंच सोडून द्यायला हवी. धातूतला तडा आपोआप बुजत नाही, मनाचा आजार मात्र बरा होतो, बहुतेकांचा होतो.

संशोधक विद्यार्थ्यांवरचा रोजचा भार कसला असतो ते घरच्यांना सहसा ठाऊक नसतं. नेचर बायोटेक्नॉलॉजी या नियतकालिकात २०१८ मध्ये एक पाहणी आली. २६ देशांतल्या २,२७९ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ४१ टक्क्यांना मध्यम ते तीव्र चिंता आणि ३९ टक्क्यांना तशीच उदासीनता असल्याचं तीत दिसलं. पाहणी ऑनलाइन होती, ज्यांना त्रास होता त्यांनीच ती जास्त भरली असण्याची शक्यता आहे, म्हणून हे आकडे जसेच्या तसे मराठवाड्याला चिकटवू नयेत. पण ‘एवढी हुशार पोर, तिला कसलं डिप्रेशन’ हे म्हणणं टिकत नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं. शिवाय वयही तेच. मनाचे सुमारे तीन चतुर्थांश आजार चोविशीच्या आत सुरू झालेले असतात.

त्यात पैशाचा प्रश्न. ज्यांची नेट-जेआरएफ निघाली त्यांना २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,००० रुपये मिळतात. बाकीच्यांची भिस्त बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर, नाहीतर बापाच्या खिशावर. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी २०२३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर बसले होते. अशा वेळी आळशीपणाचा ठपका ठेवणारे नातेवाईक बघितले की राग येतो.

एक गैरसमज खुद्द विद्यार्थ्यांतही असतो: “पाच वर्षांत झालं नाही तर सगळं गेलं, आणि पेपर छापून आल्याशिवाय थिसिस घेतच नाहीत.” विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षांची आहे, फेरनोंदणीनं आणखी दोन मिळू शकतात, महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन. प्रसूती रजाही आहे, २४० दिवसांची. थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही आधीच्या २०१६च्या नियमांतली अट आयोगानं काढली. विद्यापीठाची स्वतःची अट काय आहे ती मात्र तिथंच विचारून घ्यावी.

औषधांबद्दलचे गैरसमज सर्वांत चिवट. “एकदा गोळ्या सुरू झाल्या की सुटत नाहीत”, “झोपेच्याच गोळ्या असतात त्या”. उदासीनतेवरच्या गोळ्या झोपेच्या नव्हेत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून बंद करणं चूक, आणि बरं वाटलं म्हणून एकाएकी सोडणंही चूक. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण त्या काळात काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढल्याचं आढळलं आहे. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

मनाच्या आजारांवरचं एक औषध तर मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळेतही सापडतं. मोबाईलच्या बॅटरीसाठी लागणारं लिथियम कार्बोनेट हेच बायपोलर आजारातल्या टोकाच्या चढउतारांना आवर घालणारं औषध आहे. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये त्याचा गुण जगापुढं मांडला. लिथियम-आयन बॅटरीच्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं ते २०१९ मध्ये. “मेंदूत बॅटरीचं रसायन घालतात” अशी टवाळी यावरून कुणी केली तर घाबरू नये, पण हे औषध जपून घ्यायचं हे खरं. रक्तातली मात्रा एका अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते, म्हणून वेळोवेळी रक्त तपासतात, किडनी आणि थायरॉइडही बघतात. आणि जालन्याच्या मे महिन्यात तर विशेष सांभाळावं. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनानं घेतली, तर लिथियम रक्तात साचतं. उलट्या, हातांना मोठा कंप, तोल जाणं अशी लक्षणं दिसली तर थेट दवाखाना.

“विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेला विचार यायचा” या भीतीनं आत्महत्येचा विषय कुणी काढत नाही. संशोधन उलट सांगतं: विचारल्यानं धोका वाढत नाही, बोलल्यानं बऱ्याचदा हलकं वाटतं. “पोलीस केस होईल” ही भीतीही जुनी झाली. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

राहता राहिला येरवडा. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे येरवड्याची वाट धरणं, असं अजून बोललं जातं. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर, रत्नागिरी ही चारही सरकारी मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेरची, म्हणून ती आणखी लांबची आणि भीतीदायक वाटतात. पण उदासीनता, चिंता असलेल्या किंवा झोप उडालेल्या बहुतेक तरुणांना भरती करावंच लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात दाखवून, गोळ्या-समुपदेशन घेऊन ते प्रयोगशाळेत परत जातात. सुरुवात फोनवरूनही होते. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरात कुणी संशोधक असेल वा नसेल, हा क्रमांक मोबाईलमध्ये आजच जपून ठेवा.