शिकता शिकता पगार



इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की गावभर पेढे, आणि तालुक्याच्या कॉलेजात कॉमर्सला गेला की "बरं, बघू पुढे काय होतंय" – हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. आम्ही इंजिनिअर मंडळी तर याच विचारात वाढलो. ब्राउनश्वाइगला आलो तेही इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीचं कौतुक ऐकूनच. १७४५ साली सुरू झालेली संस्था, गाऊससारखा गणिती तिथे शिकलेला!

पण याच गावात वेल्फेनअकाडेमी नावाची एक छोटी संस्थाही होती. ती आम्हाला कळली ऑफिसातल्या एका मुलीमुळे. काही आठवडे ती हिशेबाच्या टेबलावर दिसायची, मग काही आठवडे गायब! विचारलं तर म्हणाली, "कॉलेजला होते." विद्यार्थ्याचा आधी कंपनीशी करार व्हायचा, मग वर्ग आणि काम आलटून पालटून चालायचं. दरमहा हातात पैसे, आणि तीन वर्षांनी बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची बॅचलर पदवी.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेता येते. पुढे विद्यापीठाची वाटही मोकळी असते. जर्मनीत तशी डिग्री नाही. इथे बारावीनंतर, किंवा त्याआधीही, बरीच मुलं 'आउसबिल्डुंग' करतात: साधारण तीन वर्षं कंपनीत काम आणि जोडीला व्यवसायशाळा. या काळात किमान किती पैसे द्यायचे हे २०२० पासून कायद्यानेच ठरलंय. त्या साली पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी महिना ५१५ यूरो ही रक्कम होती. चैन होणार नाही, पण शिक्षण अर्धवट सोडायची वेळही सहसा येत नाही.

हे ऐकून आम्हाला सातारा आठवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज. 'कमवा आणि शिका' ही कल्पना त्यांनी कितीतरी आधी, खेड्यातल्या गरीब मुलांसाठी राबवली. म्हणजे ही गोष्ट आपल्याला काही नवीन नाही.

मुद्दा असा की, छोट्या कॉलेजातलं शिक्षण कमी प्रतीचं नसतं. अडतं ते रोजच्या खर्चापाशी. फी माफ झाली तरी खोलीचं भाडं, खाणावळ, एस.टी.चा पास, पुस्तकं हे राहतंच. घरून पैसे आले नाहीत की मुलगा एखाद्या दुकानात कामाला लागतो, आणि दुसऱ्या वर्षाची परीक्षा राहून जाते ती राहूनच जाते. इथे ही जबाबदारी कंपनी उचलते. तिथे ती उचलणारं कुणीतरी हवं.

म्हणून देणगीदारांना आमची एक विनंती. शिष्यवृत्ती देताना फक्त इंजिनिअरिंग-मेडिकल पाहू नका. तालुक्याच्या कॉलेजातल्या बी.कॉम., बी.बी.ए.च्या मुलामुलींनाही द्या. आणि एकरकमी फीपेक्षा दर महिन्याला थोडी थोडी, पण तिन्ही वर्षं द्या. पेढे आपण शेवटी वाटूच!