समुद्रबांधावरची सायकलवाट : कामार्गच्या राखीव क्षेत्राभोवती

कामार्ग म्हणजे दक्षिण फ्रान्समधला रोन नदीचा त्रिभुज प्रदेश. आर्ल शहराच्या थोडे वर नदीचे दोन फाटे होतात. पूर्वेकडची थोरली रोन बहुतेक सगळे पाणी घेऊन जाते, धाकटी पश्चिमेला वळते आणि दोघींच्या बेचक्यात सपाट, खारवट, पाणथळ जमीन पसरलेली आहे. या जमिनीच्या मध्यभागी वाकारेसचे सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 6,500 हेक्टर, पण खोली जेमतेम दोन मीटर. दक्षिणेला आणखी काही उथळ तळी, वाळूचे उंचवटे आणि त्यापलीकडे भूमध्य समुद्र. सरोवर आणि त्याचा दक्षिण परिसर मिळून 13,000 हेक्टरांहून अधिक क्षेत्र राष्ट्रीय राखीव निसर्गक्षेत्र आहे. त्याच्या समुद्राकडच्या बाजूने सॅन्त-मारी-द-ला-मेर या किनाऱ्यावरच्या गावापासून पूर्वेकडे सालां-द-जिरोच्या मिठागरांच्या दिशेने सुमारे 20 किलोमीटरची वाट जाते. या वाटेवर मोटारींना बंदी आहे. चालणारे आणि सायकलस्वार एवढ्यांनाच ती खुली आहे.

ही वाट म्हणजे एका जुन्या बांधाचा माथा आहे. रोनला 1840 आणि 1856 साली मोठे पूर आले. दुसऱ्या पुरानंतर तिसरा नेपोलियन स्वतः तारास्काँच्या पूरग्रस्तांना भेटायला गेला होता. त्यानंतर त्रिभुज प्रदेश बांधांनी बंदिस्त करण्याच्या कामाला जोर आला. समुद्राच्या बाजूचा बांध 1859 मध्ये पुरा झाला, नदीकाठचे बांध 1869 पर्यंत. हेतू सरळ होता : खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, पुराचे पाणी पसरू द्यायचे नाही आणि आतल्या जमिनीवर पीक घ्यायचे. कोकणातल्या खारबंदिस्तीमागेही हाच हिशेब असतो.

हिशेब अर्धाच जुळला. नदीचे पाणी बंद झाले तसा गाळही बंद झाला आणि पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त असल्याने जमिनीतले मीठ वर येऊ लागले. ते धुऊन काढायला गोडे पाणी हवे, म्हणून रोनचे पाणी पंपाने उचलून शेतात सोडावे लागते. कामार्गच्या भातशेतीचे कारण हेच. भात खाचरातल्या पाण्याने मीठ खाली ढकलतो आणि पुढच्या हंगामात त्याच जमिनीत गहू येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंडोचायनातून सक्तीने आणलेल्या व्हिएतनामी कामगारांनी या भातशेतीत पुन्हा जीव आणला, ही गोष्ट पर्यटकांच्या माहितीपत्रकांत फार ठळकपणे येत नाही. शेतांतून निचरा होणाऱ्या पाण्यातले बरेचसे शेवटी वाकारेसमध्ये उतरते. ज्याला अस्पर्श निसर्ग म्हणून पाहायला लोक येतात, त्याच्या पाण्याची पातळी आणि खारटपणा पंप, कालवे आणि दरवाजे ठरवतात.

यातला महत्त्वाचा दरवाजा सॅन्त-मारीजवळ याच बांधात आहे. फुरकाद नावाच्या या बंधाऱ्याला ओळीने लोखंडी दारे आहेत. ती उघडली की सरोवरातले जादा पाणी समुद्रात जाते आणि समुद्रातून ईल माशांची पारदर्शक, काडीएवढी पिल्ले आत येतात. दारे किती काळ उघडी ठेवायची, यावर मच्छीमार, भातशेतकरी आणि निसर्गरक्षक यांचे म्हणणे सहसा एक नसते. मच्छीमाराला पिल्ले आत हवीत, शेतकऱ्याला खारे पाणी नको आणि राखीव क्षेत्राला दोन्हींचा तोल हवा.

राखीव क्षेत्राची स्थापना बांधानंतर जवळजवळ सात दशकांनी, 1927 मध्ये झाली. पुढाकार सरकारचा नव्हता. आज राष्ट्रीय निसर्गसंरक्षण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका खासगी विद्वत्संस्थेने मीठ आणि रसायने तयार करणाऱ्या कंपनीच्या जमिनीवर हे क्षेत्र राखायला घेतले. कंपनीला या जमिनीतून फारसे उत्पन्न नव्हते. ‘राष्ट्रीय’ दर्जा कायद्याने मिळाला तो 1975 मध्ये. भोवतालचे प्रादेशिक निसर्गउद्यान त्याआधी, 1970 मध्ये जाहीर झाले. त्यात गावे, शेते, बैलांचे आणि पांढऱ्या घोड्यांचे कळप असे सगळेच येते आणि त्याचे नियम राखीव क्षेत्राइतके कडक नाहीत. सायकलस्वाराला हा फरक पाट्यांवरून कळतो. बांधाच्या उत्तरेला राखीव क्षेत्र असेल तिथे वाट सोडून खाली उतरायला मनाई असते. दूरवर पाण्यात हिरवी रेघ दिसते ते रिएजचे वन. वाळूच्या बेटांवर वाढलेल्या या जुनिपर वृक्षांपर्यंत सामान्य माणसाला जाता येत नाही.

सायकल निरुपद्रवी असते हा समज अर्धाच खरा आहे. पाणपक्षी पुष्कळदा उभ्या मोटारीला जवळ येऊ देतात आणि माणसाची आकृती दिसली की उडतात. थांबलेला सायकलस्वार पक्ष्याच्या दृष्टीने माणूसच. इथे पक्ष्यांना आधार मिळतो तो वाट ठरलेली असल्याने : माणसे एकाच उंच रेषेवरून जातात, आणि त्या रेषेपासून किती लांब बसायचे ते पक्षी ठरवतात. बांधाच्या अगदी लगतच्या उथळ पाण्यात त्यामुळे शेकाट्या आणि उचाट्या सहज दिसतात. वाळूच्या बाजूला लाकडी पट्ट्यांची बुटकी कुंपणे रोवलेली आहेत. ती वाळू धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात जमिनीवर अंडी घालणाऱ्या चिखल्यांच्या जागेत पाय पडू देत नाहीत.

सॅन्त-मारीहून निघाल्यावर बारा-तेरा किलोमीटरवर गाशोलचे दीपगृह येते. हे 1882 चे. तिथे राखीव क्षेत्राचे छोटे माहितीकेंद्र आहे, पण ते रोज उघडे नसते. वाटेत सावली नाही, पिण्याचे पाणी नाही, दुकान नाही. माथ्यावर डांबर नसून दाबलेली माती, खडी आणि मधूनच रेती आहे. अरुंद टायरची रस्त्यावरची सायकल रेतीत रुतते, तेव्हा रुंद टायरची घेतलेली बरी. सॅन्त-मारीत अशा सायकली भाड्याने मिळतात. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. मिस्त्राल हा कोरडा, थंड वारा रोनच्या खोऱ्यातून उत्तर-वायव्येकडून येतो आणि या उघड्या माळावर त्याला अडवायला काहीच नाही. पूर्वेकडे जाताना तो पाठीशी लागतो आणि चालवणाऱ्याला आपण फार तयारीचे आहोत असे वाटू लागते; परतीला तोच वारा तोंडावर येतो.

गाशोलच्या पुढे पूर्वेला फांगासिएचे तळे आहे. मोठा रोहित पक्षी, म्हणजे महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयावर येणारीच जात, फ्रान्समध्ये नियमितपणे घरटी करतो तो या त्रिभुज प्रदेशात. त्याला जमिनीवरच्या शिकारी प्राण्यांपासून तुटलेले बेट लागते. नैसर्गिक बेटे झिजत चालली म्हणून 1970 मध्ये फांगासिएच्या मिठागरात मातीचे कृत्रिम बेट तयार करण्यात आले. पक्ष्यांनी ते 1974 मध्ये स्वीकारले आणि पुढे तिथे दरवर्षी हजारो जोड्यांची वसाहत होऊ लागली. लुक हॉफमन यांनी 1954 मध्ये स्थापन केलेल्या तूर द्यु वाला या संशोधन केंद्राने 1977 पासून पिल्लांच्या पायांत अक्षरांच्या खुणा असलेली कडी घालायला सुरुवात केली. दुर्बिणीतून दुरूनच वाचता येणाऱ्या या कड्यांमुळे पक्ष्यांचा स्पेन, इटली, उत्तर आफ्रिका असा वावर कळला. बेट टिकले त्यात मिठाच्या धंद्याचा मोठा वाटा होता. मीठ पिकवण्यासाठी वसंतापासून उन्हाळाभर पंपाने समुद्राचे पाणी कोंड्यांत भरले जाई. नेमका तोच पक्ष्यांच्या विणीचा काळ.

पुढे मिठाचे उत्पादन आक्रसले. किनारा संरक्षणासाठीच्या सरकारी संस्थेने 2008 पासून टप्प्याटप्प्याने सुमारे 6,500 हेक्टर जुनी मिठागरे विकत घेतली. पंप थांबले, तळ्यांतले पाणी पावसावर आणि वादळांवर अवलंबून राहू लागले आणि रोहितांनी वसाहत पश्चिमेला एग्-मोर्तच्या चालू मिठागरांकडे हलवली. समुद्राला लागून असलेला मिठागरांचा पुढचा बांध आता दुरुस्त केला जात नाही. लाटांनी तो ठिकठिकाणी फोडला आहे आणि समुद्र जुन्या कोंड्यांत येतो. हे जाणूनबुजून केले आहे. तो बांध राखण्याचा खर्च वाढत होता, समुद्राची पातळीही वाढते आहे, आणि वाळूचा किनारा मोकळा सोडला की तो मागे सरकत स्वतःला सांभाळतो, असा यामागचा विचार. स्थानिकांना तो सहज पटलेला नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी समुद्र अडवला, त्यांना समुद्र आत सोडणे हा उपाय वाटत नाही. मागच्या बाजूचा 1859 चा बांध या भागात पुन्हा संरक्षणाची मुख्य रेषा झाला आहे. सॅन्त-मारीच्या बाजूला तर समुद्र त्याच्या पायथ्याशी येऊन ठेपला आहे आणि किनारा दगडांच्या राशींनी धरून ठेवावा लागतो.

वाकारेसला पूर्ण फेरी मारायची तर बांध संपल्यावर डांबरी रस्ता धरावा लागतो. पूर्व काठाने ला कापेलिएरचे मुख्य माहितीकेंद्र लागते. तिथे पक्षी पाहण्यासाठी लाकडी आडोसे असलेली पायवाट आहे. मग उत्तरेकडून मेजानमार्गे परत सॅन्त-मारी. फेरी सत्तर किलोमीटरच्या आसपास भरते, पण तिचा मोठा भाग मोटारींच्या रस्त्यावर आहे, हे जाहिरातींत कमी सांगितले जाते. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. 24-25 मे या दोन दिवशी जिप्सींच्या यात्रेमुळे सॅन्त-मारीत पाऊल ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यात डास असह्य होतात. दक्षिणेकडून येणाऱ्या वादळानंतर वाट खचलेली किंवा पाण्याखाली असू शकते, त्यामुळे निघण्याआधी सॅन्त-मारीच्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्यावे.