खडी: रुळांखाली सुटी, स्लॅबमध्ये बांधलेली

दख्खनच्या पठारावरचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. हाच काळा कातळ आज क्रशरमध्ये फोडला जातो आणि त्याची खडी कधी रेल्वेमार्गावर पडते, कधी घराच्या बांधकामावर. दोन्ही ठिकाणी मात्र तिला सोपवलेली कामं अगदी निराळी.

रुळांखालची खडी मोठी असते, साधारण 20 ते 65 मिलिमीटरची, आणि ती मुद्दाम सुटी ठेवतात. भरलेल्या मालगाडीच्या एका आसावर 20 टनांहून अधिक भार असतो. रुळांकडून तो त्यांच्याखालच्या आडव्या स्लीपरवर येतो, स्लीपरकडून खडीवर, आणि खडी तो पसरवत जमिनीपर्यंत पोचवते. दगडांचे धारदार कोपरे एकमेकांत अडकलेले असतात. नदीतले गोल गोटे असते तर ते घरंगळले असते. फटींतून पावसाचं पाणी निघून जातं. मार्ग खचलाच, तर टॅम्पिंग यंत्र रूळ उचलून स्लीपरखाली खडी दाबतं आणि पातळी पुन्हा जुळते. खडी सुटी ठेवण्याचा सगळ्यांत मोठा लाभ मला हाच वाटतो.

उन्हाळ्यात तिची खरी कसोटी लागते. 1 किलोमीटरचा मोकळा रूळ 30 अंशांनी तापला तर सुमारे 35 सेंटिमीटरने वाढेल. सलग जोडलेल्या रुळांना वाढायला जागाच नसते, ताण आतच साठतो. स्लीपरच्या टोकांशी रचलेली खडी त्यांना बाजूला सरकू देत नाही. म्हणून ती खडी कुणी उचलून नेणं ही साधी चोरी नव्हे, तो प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे.

घराच्या स्लॅबला सहसा 20 मिलिमीटरपर्यंतची खडी लागते, कारण ती सळयांच्या जाळीतून खाली उतरली पाहिजे. इथे सिमेंट तिला कायमचं जखडतं. काँक्रीटच्या आकारमानात खडी आणि वाळूचा वाटा ढोबळमानाने 60 ते 75 टक्के असतो. सिमेंट वाळताना आकसतं, त्याला ही खडी आवर घालते. आजचे बहुतेक स्लीपरही काँक्रीटचेच, म्हणजे सुट्या खडीवर बांधलेली खडी.

धूळमाती मात्र दोन्हीकडे घातक. रुळांखाली ती फटी बुजवते, पाणी तुंबतं, चिखल होतो. काँक्रीटमध्ये ती दगड आणि सिमेंट यांची पकड सैल करते. तुमच्या घराचं काम चालू असेल, तर स्लॅबच्या आदल्या दिवशी मूठभर खडी हातात घेऊन चोळा. तळवा धुळीने माखला, तर खडी धुऊन घ्यायला सांगा.